तलफ शेवटपर्यंत कधी पाहिली आहे का?

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ३८ वर्षांचा आहे, भांडुपला राहतो. लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत मेकॅनिक आहे. परळ-प्रभादेवीकडच्या टॉवरमधल्या लिफ्ट आमच्याकडे आहेत. गेली १७ वर्षं मळून तंबाखू खातो. नाइट शिफ्टला झोप येऊ नये म्हणून आमच्या उस्तादाने पहिली चिमूट दिली, ती काही सुटली नाही. दिवसाला आठ-दहा बार होतात. मुलगी चौथीत आहे. शाळेत तंबाखूवर चित्र काढायला सांगितलं तर तिने माझंच काढलं, एक गाल फुगलेला. त्या आषाढीला वडाळ्याच्या विठोबापुढे शपथ घेतली आणि अकरा दिवस पाळली. बाराव्या दिवशी रात्री अडीचला लिफ्ट अडकल्याचा कॉल आला. आत म्हातारे आजी-आजोबा होते. पाऊण तास लागला, पण दोघंही सुखरूप बाहेर आले. खाली आलो आणि बार लावला. तेव्हापासून पूर्वीपेक्षा जास्त खातो आणि चोरून खातो. एका मित्राने फोनमध्ये माइंडफुलनेसचं ॲप टाकून दिलं. डोळे मिटून श्वास बघायचा म्हणे. पाच मिनिटं बसलो, पाचही मिनिटं पुडीच दिसली. हे आमच्यासारख्यांचं काम नाही असं वाटलं. माझी इच्छाशक्तीच कमजोर आहे का? आणि शपथ मोडली हे मुलीला सांगू का?

(नाव छापू नये ही विनंती)

---

भाऊ,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी आधी हातात घेते. तुम्ही ते हार म्हणून लिहिलंय आणि मला त्यातच सुरुवात दिसते. "पाचही मिनिटं पुडीच दिसली." म्हणजे पाच मिनिटं पुडी तुमच्या डोळ्यांसमोर होती आणि तुम्ही ती खाल्ली नाहीत. सतरा वर्षांत असं किती वेळा घडलं? एरवी पुडी आठवली की हात खिशात जातो, अंगठा तळव्यावर फिरू लागतो आणि काय झालं हे कळायच्या आत बार ओठामागे बसलेला असतो. त्या वेळी आठवण आणि हात यांच्यामध्ये पाच मिनिटांची जागा राहिली. तुम्हाला हवी आहे ती गोष्ट याच जागेत आहे.

पुडी का दिसत राहिली, तेही सांगते. १९८७ साली डॅनिएल वेग्नर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. लोकांना सांगितलं की पाच मिनिटं मनात येईल ते मोठ्याने बोला, फक्त पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. आणि नंतर "आता खुशाल अस्वलाचा विचार करा" असं सांगितल्यावर, आधी विचार दाबून धरलेल्यांच्या मनात अस्वल इतरांपेक्षा जास्त आलं. तुम्ही अकरा दिवस हेच करत होतात, "पुडी नको, पुडी नको" असं मनाला बजावत. त्यात तुमच्या इच्छाशक्तीचा काही दोष नाही. कुणाचंही मन असंच चालतं.

आता शरीराकडे येऊ, कारण तुम्ही यंत्राचे जाणकार आहात आणि आत काय चालतं हे कळलं की तुमचं निम्मं ओझं उतरेल असं मला वाटतं. तंबाखूत चुना मिसळला की मिश्रण अल्कधर्मी होतं आणि त्यामुळे निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. चुन्याशिवाय तंबाखू 'लागत नाही' असं म्हणतात ते यामुळेच. रक्तात गेलेल्या निकोटिनचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि मेंदू पुढच्या हप्त्याची आठवण करून देऊ लागतो. आता हिशेब करा. जागेपणाचे सोळा-सतरा तास, दर दोन तासांनी एक बार. तुमचे आठ-दहा बार बरोबर बसतात. त्याला तुम्ही स्वतःची हाव समजत आलात. प्रत्यक्षात ते निकोटिनचं वेळापत्रक आहे आणि तुम्ही सतरा वर्षं ते इमानाने पाळताय.

ही झाली शरीराची तलफ. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस ती सगळ्यात कडक असते. चिडचिड होते, झोप मोडते, पोट साफ होत नाही, कामात लक्ष लागत नाही. मग ती उतरू लागते आणि तीन-चार आठवड्यांत बरीचशी निवते. म्हणजे बाराव्या दिवशी तुम्ही घाट चढून गेला होतात, हे आधी मान्य करा.

मग त्या रात्री काय झालं? दुसरी तलफ आली, जागेची आणि वेळेची. आठवून बघा, सतरा वर्षांत अडकलेली लिफ्ट सोडवून खाली आल्यावर तुम्ही काय करत आलात? कॉल संपला की बार. हजारो वेळा हीच जोडी जुळली आहे. आजी-आजोबा सुखरूप बाहेर आले, सोसायटीच्या वहीत सही झाली, तरी तुमच्या मेंदूच्या दृष्टीने कॉल अजून बंद झाला नव्हता. शेवटची नोंद राहिली होती. त्या रात्री तुम्ही दुःखी नव्हतात, की कमकुवतही नव्हतात. एक अवघड काम नीट पार पडल्याचा सुटकेचा श्वास होता तो, आणि त्या श्वासाला तंबाखू चिकटलेली होती. परळ स्टेशनच्या पुलावरून उतरताना, मशीनरूमचं दार उघडताना, जेवणाचा डबा पुसून ठेवताना, अशा किती ठिकाणी ती चिकटली आहे, याची यादी तुम्हीच करू शकाल. दुसरं कुणी नाही.

ॲलन मार्लाट नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात. व्यसन सुटल्यावर माणूस पुन्हा का घसरतो, यावर त्यांनी आयुष्यभर काम केलं. सिगारेट सोडू पाहणाऱ्या एका माणसाला समजावताना त्यांना लाटेची उपमा सुचली. तलफ लाटेसारखी उठते, वर चढते, शेंड्याला पोहोचते आणि ओसरते. फळीवर उभा असलेला माणूस लाट थांबवायला जात नाही, ती पायाखालून जाईपर्यंत तोल सांभाळतो. आपल्याकडे फळ्यांचा खेळ फारसा नाही, पण जुहूच्या पाण्यात कमरेइतकं उभं राहिलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं. अंग ताठ करून लाटेला छाती दिली की माणूस उताणा पडतो. पाय सैल सोडून तिच्याबरोबर जरा उचलला गेला, तर ती खालून निघून जाते.

पण तुमच्यासाठी मला लाटेपेक्षा तुमचीच लिफ्ट जवळची वाटते. अडकलेल्या माणसाला तुम्ही इंटरकॉमवर काय सांगता? "शांत उभे राहा, दार ओढू नका, मी येतोय." आत माणसाला वाटत असतं की हवा संपतेय. तुम्हाला माहीत असतं की केबिनला हवा यायला जागा ठेवलेली असते, तो गुदमरणार नाही. गुदमरल्यासारखं वाटणं अगदी खरं असतं, पण गुदमरणं घडत नसतं. आणि अपघात होतात ते बहुतेक घाबरून दार ओढल्यामुळे, अर्धवट उघड्या दारातून उडी मारल्यामुळे. तलफ चढते तेव्हा तुम्ही त्या केबिनमध्ये असता. "आता सहन होणार नाही" असं वाटतं, ते वाटणं खरं असतं, मी ते खोटं म्हणत नाही. फक्त ते अकरा दिवस सोडले, तर आजवर दर वेळी तुम्ही त्याच क्षणी दार ओढलंत. बार लावलात. त्यामुळे न लावता पुढे काय होतं, हे तुम्ही कधी नीट पाहिलेलंच नाही. तलफ बहुधा काही मिनिटांची असते. तुम्ही तिचं चढणं हजारो वेळा पाहिलंय आणि उतरणं जवळजवळ कधीच नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की एकदा ते उतरणं पाहा.

माइंडफुलनेस या शब्दाने दबून जाऊ नका. आपल्याकडे त्याला 'भान' म्हणतात. शाफ्टमध्ये पहिल्यांदा उतरवताना तुमच्या उस्तादाने "भान ठेवून काम कर" असंच सांगितलं असेल. वायरीला हात लावण्याआधी तुम्ही टेस्टर लावता, सप्लाय बंद असेल असं गृहीत धरत नाही. तलफेलाही टेस्टर लावायचा. ती म्हणते "आत्ता पाहिजे, नाहीतर काही खरं नाही." ठीक आहे, पण तपासून पाहू.

आणि हे परदेशातून आलेलं काही खूळ आहे असंही समजू नका. मार्लाट स्वतः ध्यान करणारे होते. सिएटलच्या एका तुरुंगात गोयंका गुरुजींच्या पद्धतीची दहा दिवसांची विपश्यना शिबिरं झाली, त्यांचा अभ्यास त्यांच्याच गटाने केला. शिबिर केलेल्या कैद्यांचं सुटकेनंतरचं नशापाणी इतरांपेक्षा कमी आढळलं. त्याच गोयंका गुरुजींचं केंद्र १९७६ पासून इगतपुरीला आहे, आणि गोराईच्या खाडीपलीकडचा सोनेरी पगोडा तुम्ही लांबून तरी पाहिला असेल. तुम्हाला दहा दिवसांची रजा मिळणं कठीण, हे मी जाणते. त्याची गरजही नाही.

आता काय करायचं ते.

पहिला आठवडा तंबाखू सोडू नका. हे वाचून दचकू नका. या आठवड्यात फक्त भान ठेवून खायची, चालता चालता किंवा फोनवर बोलता बोलता नाही. मळताना तळवा बघा, चुन्याचा वास घ्या. ओठामागे ठेवल्यावर पहिल्या मिनिटात काय होतं, जळजळ कुठे होते, लाळ कशी सुटते, डोकं हलकं होतं ते किती वेळ टिकतं आणि दहा मिनिटांनी तोंडाची चव काय असते, सगळं नीट बघा. थुंकताना बघा. चांगलं-वाईट ठरवू नका. जडसन ब्रूअर नावाच्या अमेरिकी डॉक्टरांनी सिगारेटवाल्यांना असंच लक्ष देऊन ओढायला लावलं होतं. वर्षानुवर्षं ओढत आलेल्या माणसांना तेव्हा कुठे कळलं की ही चव आपल्याला आवडतच नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ८८ जण होते. सतरा आठवड्यांनी पाहिलं तेव्हा भान ठेवायला शिकलेल्यांपैकी ३१ टक्के सिगारेटपासून दूर होते, नेहमीच्या पद्धतीने शिकलेल्यांपैकी ६ टक्के. पुढच्या सगळ्या अभ्यासांत फरक इतका मोठा दिसलेला नाही, म्हणून याला रामबाण समजू नका. पण शिकण्यासारखं त्यात नक्की आहे, माझ्या कामात मी ते पुन्हा पुन्हा पाहिलंय.

याच आठवड्यात छोट्या गोष्टींवर सराव करा. डास चावला की एक मिनिट खाजवू नका. खाज कशी पसरते, कुठे टोचते, केव्हा वाढते आणि केव्हा विसरायला होते, ते पाहा. हसू येईल इतकी क्षुल्लक गोष्ट आहे, पण तलफ पाहायची तीही अशीच.

मग सोडायचा दिवस ठरवा. शक्यतो साप्ताहिक सुट्टीला जोडून, आणि पहिले दोन-तीन दिवस उंचीवरचं, अवघड काम अंगावर घेऊ नका. त्या दिवसांत लक्ष उडतं आणि तुमच्या कामात लक्ष उडणं परवडत नाही. लिफ्टच्या टपावर उभे असताना तलफ आली तर तिथे तिचं निरीक्षण करत बसू नका. आधी काम सुरक्षित जागी आणून थांबवा, बाहेर या, मग.

तलफ आली की पहिलं काम तिचं नाव घेणं. मनात म्हणा, "तलफ आली." "मला तंबाखू पाहिजे" असं म्हणू नका. आपल्या मराठीने इथे फार मोठी सोय करून ठेवली आहे, बघा. आपण 'मी रागावलो' म्हणतो तसं 'मला राग आला' असंही म्हणतो. झोप येते, आठवण येते, कंटाळा येतो, तलफ येते. कुणी 'मी तलफ केली' म्हणत नाही. ती आली आहे, बाहेरून, पाहुण्यासारखी. तुम्ही घरात होतातच.

मग तिला अंगात शोधा. डोक्यात शोधू नका, तिथे फक्त वाद चालतो: "एकच लावू", "उद्यापासून", "आज काय कमी कटकट झाली का." अंगात शोधा. तोंडात पाणी सुटलंय का? बार ठेवता त्या जागी, खालच्या ओठाच्या मागे, चुरचुरतंय का? उजवा अंगठा आपोआप डाव्या तळव्याकडे जातोय का? जबडा आवळलाय? छाती भरून आली आहे? एकेका जागेवर लक्ष न्या, जसं तुम्ही आवाज करणाऱ्या लिफ्टचा एकेक भाग तपासता. कुठे आहे, किती आहे, वाढतंय की कमी होतंय. श्वास चालू द्या, त्याला काही करू नका. लक्ष दुसरीकडे गेलं तर परत आणा. शंभरदा जाईल. परत आणणं हाच व्यायाम आहे.

आणि वेळ मोजा, पण घड्याळावर नको. तुम्ही भांडुपहून परळला स्लो लोकलने येता ना? मग तलफ स्टेशनांत मोजा. विक्रोळीला आली, घाटकोपरला जोरात होती, कुर्ल्याला उतरू लागली, माटुंग्याला विसरलो. घाटकोपरला वाटेल की ही आता दादरपर्यंत चढतच जाणार. तसं होतं का, ते डोळ्यांनी बघा. खिशात एक छोटी वही ठेवा आणि लिहा: कुठे आली, किती स्टेशनं टिकली. दोन आठवड्यांत तुमच्या हातात तुमच्याच तलफेचं टाइमटेबल असेल, आणि ते दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात मिळणार नाही.

कधी कधी तलफ एक लाट संपून लगेच दुसरी, अशी येते. पहिल्या आठवड्यात विशेष. तेव्हा आपली पद्धत चुकली असं समजू नका. पुन्हा मोजायला लागा.

रात्रीच्या कॉलचं मात्र वेगळं बघावं लागेल, कारण तिथे ती जोडी सगळ्यात घट्ट आहे. काम संपल्यावरची ती 'शेवटची नोंद' दुसऱ्या कशाने तरी भरा. हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, तोंडावर पाणी मारा, आणि गाडीत किंवा पायरीवर बसून मनाशी म्हणा, "दोघं सुखरूप बाहेर आले, काम झालं." ते सुख पूर्ण घ्या. तुम्ही कुणाचे तरी आजी-आजोबा सोडवून आला होतात आणि ते सुख घ्यायच्या आत त्यावर चुना लावलात, याचं मला वाचताना फार वाईट वाटलं.

सोबतच्यांचंही सांगायला हवं. आपल्याकडे तंबाखू एकट्याने कमी खातात. "जरा चुना दे रे" म्हणत अनोळखी माणूसही दोस्त होतो. उस्तादाने पुढे केलेला तळवा नाकारणं म्हणजे त्याला नाकारल्यासारखं वाटतं. म्हणून आधीच, तलफ नसताना, एकदा त्यांना मोकळेपणी सांगून टाका की मी सोडतोय, मला देऊ नका. माणसं चिडवतात, पण बहुतेक जण मान ठेवतात, कारण मनातून प्रत्येकालाच सोडायची असते. हाताला काहीतरी हवं असेल तर बडीशेप ठेवा, लवंग ठेवा. सुपारी मात्र नको, गोड सुपारीसुद्धा नको. तंबाखू सोडताना कितीतरी लोक सुपारीवर जातात आणि आपण सुटलो असं समजतात. नुसत्या सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे.

यावरून एक गोष्ट कळकळीने सांगते आणि ती या आठवड्यातच करायची. तोंड तपासून घ्या. सतरा वर्षं म्हणजे थोडी नाहीत. भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. आरशासमोर ओठ उलटून बघा, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का. तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तिखट लागल्यावर आग होत असेल, तर थांबू नका. काही दिसलं नाही तरी दातांच्या डॉक्टरांना दाखवाच. टाटा हॉस्पिटल तर तुम्ही रोज उतरता त्या परळलाच आहे. लवकर सापडलेल्या गोष्टीवर इलाज होतो.

भान ठेवूनही शरीराची तलफ आवरत नसेल तर डॉक्टरांना विचारून निकोटिनचं च्युइंगगम किंवा पट्टी घ्या. औषध घेतलं म्हणजे आपण हरलो असं नाही. ताप आल्यावर गोळी घेतो, तसंच आहे हे. १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, तंबाखू सोडणाऱ्यांसाठीच. हा नंबर तुम्हाला शोधावा लागणार नाही, पाकिटावरच छापतात तो. झोप पूर्ण उडाली, मन फारच खचलं, जगणं नकोसं वाटू लागलं, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, दिवसा-रात्री कधीही.

आता शपथेबद्दल. पत्र वाचताना मला तंबाखूपेक्षा या शपथेची जास्त काळजी वाटली. अकरा दिवस झाले, बाराव्या दिवशी एक बार लागला. एक. तो बार लावून तुम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरुवात केली असती, तर आज अकरा आणि पुढचे किती दिवस जमा असते? पण तुम्ही स्वतःशी म्हणालात, "शपथच मोडली, आता काय राहिलं?" आणि त्या विचाराने पुढचे शेकडो बार खाल्ले. मार्लाट यांनी नेमकं हेच दाखवून दिलं होतं. माणूस एका घसरणीने बुडत नाही. घसरल्यावर तो स्वतःला जे ऐकवतो, त्याने बुडतो. "मीच असा" हे वाक्य तंबाखूपेक्षा जास्त तंबाखू खायला लावतं. अपराधी वाटणं सहन होत नाही, मग ते विसरायला पुन्हा पुडी. तुमचं चोरून खाणं तिथूनच आलं आहे.

अपराधीपणा आला तर त्यालाही तसंच बघा. तोही येतो. छातीत येतो की पोटात, किती स्टेशनं टिकतो, वहीत लिहा.

विठोबापुढे पुन्हा जावंसं वाटलं तर जरूर जा. पण जन्मभराची शपथ घेऊन नका जाऊ. ती शपथ एका माणसाला एका वेळी पेलत नाही, कारण जन्मभर कधीच समोर येत नाही. समोर येते ती ही एक तलफ, विक्रोळी ते माटुंगा. एवढीच मागा.

मार्लाट यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये आला. उपचार घेऊन बाहेर पडलेले २८६ लोक होते, दारूचे आणि इतर नशांचे. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा भान शिकलेले आणि घसरण टाळायच्या नेहमीच्या युक्त्या शिकलेले, दोघांचंही ठीक चाललं होतं. वर्ष झाल्यावर मात्र भान शिकलेले पुढे निघाले. मला यातला उशीर महत्त्वाचा वाटतो. पहिल्या महिन्यात तुम्हाला फार काही कमावलंय असं वाटणार नाही. तलफा येतच राहतील, तुम्ही मोजतच राहाल. मग कधीतरी, बहुतेक परळच्या पुलावरच, लक्षात येईल की आज इथे आलीच नाही, किंवा आली आणि तुम्ही तिच्याकडे बघून जिना उतरून गेलात.

मुलीला सांगायचं का, हे तुम्ही शेवटी विचारलंत. मला वाटतं पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. सांगा. चौथीतल्या मुलीला बहुतेक कळलेलंच असतं. कपड्यांना वास येतो, बाबा बाल्कनीत जास्त वेळ उभे राहतात. तिने चित्र काढलं तेव्हाच तिने तुम्हाला नीट पाहिलं होतं. जेवणं झाल्यावर, टीव्ही बंद करून, साध्या शब्दांत सांगा: "मी अकरा दिवस खाल्ली नव्हती, मग खाल्ली, आणि तुझ्यापासून लपवली. ते मला आवडलं नाही. मी पुन्हा सोडतोय." रडू नका, वचन देऊ नका, तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ तर अजिबात घेऊ नका. लेकराच्या जिवाचं ओझं व्यसनावर टाकायचं नसतं. उद्या घसरलात तर ती रात्रभर स्वतःच्या जिवाला घाबरत बसेल.

आणि तिला पहारेकरी करू नका. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, "खाल्ली का?" विचारणं हे तिच्याकडे देऊ नका. त्या प्रश्नाला उत्तर देताना तुम्ही पुन्हा खोटं बोलायला लागाल. त्याऐवजी तिला दुसरा प्रश्न शिकवा. संध्याकाळी घरी आलात की तिने विचारायचं, "बाबा, आज किती आल्या?" तुम्ही वही काढायची आणि दाखवायची. सहा आल्या. पाच पाहिल्या, एक माझ्यावर जिंकली. सगळ्यात लांब घाटकोपर ते सायन. मुलांना स्टेशनांची नावं ओळीने म्हणायला आवडतात, ती म्हणेल तुमच्याबरोबर.

तोंड कधी दाखवताय, ते मला उलट टपाली कळवा.

तुमची,
ताई